तुरुंगाऐवजी उपचार : मिरज तालुक्यातील एका व्यसनमुक्ती केंद्राचा वर्षभराचा अनुभव

मिरज तालुक्यातील एका खासगी, शासनमान्य व्यसनमुक्ती केंद्रात माझा भाचा नव्वद दिवस राहिला आणि त्यानंतर नऊ महिने ठरलेल्या तारखांना तपासणीसाठी जात राहिला. तो तेथे केवळ व्यसन सोडण्यासाठी गेला नव्हता. गांजा बाळगल्याचा आणि सेवन केल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल होता आणि शिक्षेऐवजी उपचार घेण्याची जी तरतूद कायद्यात आहे, तिचा आधार घेण्यासाठी न्यायालयासमोर टिकेल असे केंद्र आम्हाला हवे होते. अशा वेळी केंद्र निवडताना नेमके काय पाहावे हे सांगणारे आम्हाला कोणी भेटले नाही, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे नाव मात्र देत नाही. आमच्या भागात केंद्र आणि वर्ष कळले की मुलगा कोणाचा हे शोधायला वेळ लागत नाही, आणि भाच्याने व त्याच्या आईने नावांशिवाय लिहिण्याचीच परवानगी दिली आहे.

भाचा तासगाव तालुक्यातला, वय तेवीस. बारावीनंतर दोन वर्षे तो सैन्यभरतीसाठी पहाटे उठून धावत होता. भरती झाली नाही, तेव्हा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीला लागला. तेथील सोबत्यांबरोबर गांजा सुरू झाला, आणि दिवसा झोप लागेना म्हणून झोपेच्या गोळ्या आल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळवलेल्या नायट्राझेपामच्या एका गोळीवरून तो वर्षभरात दिवसाला सहा-सात गोळ्यांवर गेला होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. अक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, संशय होता. पण ‘थकतोय पोरगा’ असे म्हणून ती स्वतःची समजूत घालत राहिली आणि मीही तिला साथ दिली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासाचा धागा कुपवाडपर्यंत आला आणि तेथे मेफेड्रोन या कृत्रिम अमली पदार्थाचा मोठा साठा सापडला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे येथे मेफेड्रोन तयार करणाऱ्या कारखान्यावरच छापा पडला. जिल्ह्याला हादरवणाऱ्या या घटनांनंतर नाकाबंदी आणि झडत्या वाढल्या, आणि त्या वाढायलाच हव्या होत्या. विष तयार करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला कायद्याने कठोर शिक्षा ठेवली आहे, त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. परंतु त्याच जाळ्यात जेव्हा स्वतःपुरता पदार्थ बाळगणारा आजारी मुलगा सापडतो, तेव्हा त्याच्यासाठी त्याच कायद्यात वेगळी वाट आखलेली आहे, हे फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. भाच्याजवळ चाळीस ग्रॅमच्या आसपास गांजा मिळाला. जामीन दुसऱ्या दिवशी झाला आणि तिसऱ्या रात्री त्याला घरी झटका आला. गोळ्या अचानक बंद झाल्यामुळे असे होते, हे मिरजेतील रुग्णालयाच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. दीर्घकाळ घेतलेल्या अशा गोळ्या एकदम थांबवल्या तर आकडी येऊन जीवही जाऊ शकतो, त्या टप्प्याटप्प्यानेच उतरवाव्या लागतात, हे त्या रात्रीपर्यंत आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हते. कोठडीतील मुक्काम आणखी वाढला असता तर हा झटका तेथे आला असता आणि शेजारी अक्का नसती.

आता कायद्याबद्दल, कारण केंद्राचे मूल्यमापन त्याशिवाय करता येणार नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात प्रत्येक पदार्थाचे ‘अल्प प्रमाण’ ठरवून दिले आहे. गांजासाठी ते एक किलोपर्यंत, हेरॉइनसाठी पाच ग्रॅम आणि मेफेड्रोनसाठी दोन ग्रॅम आहे. अल्प प्रमाणात गांजा बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गांजाच्या सेवनाबद्दल कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा तेवढ्याच मर्यादेचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याच कायद्यात १९८९ च्या दुरुस्तीने आलेले आणि २००१ मध्ये सुधारलेले कलम ६४-अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासनाच्या, स्थानिक प्राधिकरणाच्या किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या संस्थेत उपचार घेईल, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालवला जाणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. कलम ३९ त्यापुढच्या टप्प्यासाठी आहे. दोष सिद्ध झाल्यानंतरही न्यायालय वय, पूर्वचारित्र्य आणि प्रकृती पाहून, आरोपीच्या संमतीने, लगेच शिक्षा न देता बंधपत्रावर उपचारासाठी सोडू शकते आणि एका वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल मागवू शकते.

यातील तीन शब्दांवर आमचे सारे प्रकरण उभे होते: ‘व्यसनाधीन’, ‘स्वेच्छेने’ आणि ‘मान्यता’.

पहिल्या शब्दाने आमच्या घराची खरी परीक्षा पाहिली. कायद्याच्या दृष्टीने व्यसनाधीन म्हणजे पदार्थावर अवलंबित्व असलेली व्यक्ती. कधीतरी ओढणारा यात बसत नाही, म्हणून अवलंबित्वाचे वैद्यकीय निदान कागदावर असावे लागते. याउलट आमच्या नात्यागोत्यात पहिल्या दिवसापासून एकच सल्ला होता: ‘पोरगा व्यसनी आहे असं कुठंही तोंडातून काढू नका, संगतीनं एकदा चूक झाली म्हणा आणि गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे व्हा.’ हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण दंड भरणे म्हणजे दोषसिद्धीची नोंद आयुष्यभर सोबत घेणे, आणि ज्या मुलाच्या डोक्यातून भरती अजून गेलेली नाही त्याच्यासाठी ती नोंद म्हणजे बंद झालेले दार, हे वकिलांनी सांगेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते. जे लपवायला सगळे सांगत होते, तेच न्यायालयापुढे स्वतःहून, स्पष्ट शब्दांत मांडायचे होते. अक्काने ते मांडले. मला वाटते, या सगळ्या वर्षातील सर्वांत अवघड काम तिने केले.

तिसऱ्या शब्दाबाबत मात्र आम्ही आधी फसलो. घाईघाईत, ओळखीतून, आम्ही मुलाला दुसऱ्या जिल्ह्यातील एका केंद्रात नेले होते. तेथे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले गेले, पहिले पंचेचाळीस दिवस भेट नाही असे सांगितले गेले, आणि डॉक्टर कोण असे विचारल्यावर ‘इथे शिस्तच औषध आहे’ असे उत्तर मिळाले. अकराव्या दिवशी आमच्या वकिलांनी त्या संस्थेच्या पावतीवर मान्यतेचा कोणताही उल्लेख नसल्याचे दाखवून दिले, आणि त्याच दिवशी आम्ही त्याला परत आणले. त्याचे केस काढलेले होते, वजन घटले होते आणि रात्री खोलीला बाहेरून कुलूप असायचे. व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था २०१७ च्या मानसिक आरोग्य काळजी कायद्याच्या कक्षेत येतात. रुग्णाला माणुसकीची वागणूक मिळण्याचा हक्क आणि क्रूर वागणुकीपासून संरक्षण त्या कायद्याने दिले आहे, शिवाय आस्थापनेची नोंदणी आणि नोंदणीपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. हे आम्हाला आधी ठाऊक असते तर त्या संस्थेच्या भिंतीकडे पाहूनच आम्ही परत फिरलो असतो. तुरुंगाऐवजी उपचार असे म्हणताना, तुरुंगाच्या जागी दुसरा, बिननोंदणीचा तुरुंग येऊ नये, एवढी काळजी प्रत्येक नातेवाइकाने घेतली पाहिजे.

ज्या केंद्राचे हे परीक्षण आहे, तेथे नोंदणीपत्र प्रवेशद्वारापाशीच लावलेले आहे आणि मान्यतेच्या पत्राची प्रत मागितल्यावर त्याच दिवशी मिळाली. दाखल करून घेण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी भाच्याशी आम्हाला बाहेर बसवून तासभर बोलणे केले. नंतर आमच्यासमोर त्याला विचारले, “तुला इथं राहायचंय का? मामांना काय वाटतं ते नको सांगूस, तुझं सांग.” त्याने होकार दिल्यावरच संमतीपत्रावर त्याची सही घेतली, आमची नाही. अक्काला याची भीती वाटली, कारण स्वतःच्या सहीने आत गेलेला माणूस स्वतःच्या इच्छेने बाहेरही पडू शकतो. डॉक्टरांनी ते मान्य केले आणि म्हणाले की कायद्यातील ‘स्वेच्छेने’ या शब्दाचा अर्थ हाच आहे.

त्या शब्दाची कसोटी एकोणिसाव्या दिवशी लागली. गोळ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले होते, झोप उडाली होती, चिडचिड वाढली होती, आणि भाच्याने पिशवी भरली. त्याला कोणी अडवले नाही. समुपदेशक त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले आणि तेथील बाकावर दोघे दीड तास बसले. मी पोहोचलो तेव्हा ते त्याला सांगत होते की दार उघडे आहे, उद्याही उघडे असेल. पण उपचार पूर्ण झाले नाहीत तर पूर्ण झाले असे पत्र केंद्र न्यायालयाला देणार नाही, आणि पूर्ण झाले तर एक शब्दही कमी लिहिणार नाही. धमकीचा सूर त्यात नव्हता आणि खोटे आश्वासनही नव्हते. भाचा परत आत गेला. न्यायालयाची तारीख डोक्यावर नसती तर तो थांबला असता का, हा प्रश्न मी त्याला नंतर विचारला. त्याने प्रामाणिकपणे सांगितले, “नसतो थांबलो मामा.” शिक्षेची शक्यता पूर्ण पुसून टाकली की उपचार आपोआप यशस्वी होतात, असे मला म्हणूनच वाटत नाही. त्याला थांबवले ते तारखेने, आणि बरे केले ते बाकावरच्या त्या दीड तासासारख्या असंख्य तासांनी.

दिनक्रमाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सकाळी व्यायाम, गटचर्चा, दुपारी वैयक्तिक समुपदेशन, संध्याकाळी प्रार्थना ज्याला हवी त्याला. जेवण साधे, ज्वारीची भाकरी आणि आमटी रोज, दर रविवारी कुटुंबाची भेट. रुग्णांकडून केंद्राची कामे करून घेतली जात नाहीत. स्वतःचे ताट आणि अंथरूण मात्र ज्याचे त्याने आवरायचे. गटचर्चा तासगाव-जतच्या बोलीत मोकळेपणाने चालते हे मला महत्त्वाचे वाटले, कारण पुस्तकी भाषेत हा मुलगा कधीच बोलला नसता. कुटुंबीयांसाठीचे चार वर्ग सक्तीचे आहेत. त्यांतील एकात आम्हाला सांगण्यात आले की पुन्हा एखाद्या वेळी घसरण होणे हा या आजाराचा भाग असतो आणि त्या दिवशी घरचे काय करतात यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

तो दिवस चौथ्या महिन्यात आला. गावच्या यात्रेत त्याने पुन्हा गांजा ओढला, आणि पुढच्या तपासणीला जाऊन स्वतःच सांगितले. आम्ही घाबरलो, कारण संरक्षण काढून घेतले जाईल असे आम्हाला वाटले. केंद्राने अहवालात ही घटना लपवली नाही. उपचार सुरू आहेत, रुग्णाने स्वतः माहिती दिली आहे आणि तपासण्यांमधील अंतर कमी केले आहे, असे त्यांनी लिहिले. न्यायालयाने तो अहवाल स्वीकारून पुढची तारीख दिली. अहवाल लिहिण्यातील ही काळजी आधीही दिसली होती. पहिल्या महिन्याच्या अखेरीस लघवीच्या तपासणीत गांजाचा अंश आला, तेव्हा नियमित सेवन करणाऱ्याच्या शरीरात तो सेवन थांबल्यावरही काही आठवडे दिसू शकतो, हे वाक्य डॉक्टरांनी अहवालात स्वतःहून घातले. ते नसते तर केवळ ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावरून मुलगा आतही ओढत होता असा अर्थ कोणीही काढला असता. न्यायाधीश आणि सरकारी वकील वैद्यकशास्त्र शिकलेले नसतात. त्यांना समजेल असे लिहिणे हा या सेवेचा अर्धा भाग आहे आणि तो या केंद्राला उत्तम जमतो.

वेळेत लिहिणे मात्र जमत नाही. दुसऱ्या तारखेला अहवाल बारा दिवस उशिरा मिळाला आणि आम्हाला मुदत मागावी लागली. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून तीनच दिवस येतात आणि सही त्यांचीच लागते, हे कारण मला पटते. पण ज्यांच्या डोक्यावर खटला आहे अशा रुग्णांच्या तारखांची वेगळी वही ठेवणे काही अवघड नाही. महिलांसाठी येथे सोय नाही. खर्च महिन्याला चौदा हजार रुपये आणि औषधे वेगळी. प्रत्येक रुपयाची पावती मिळाली, तरी बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या घराला हा आकडा पेलत नाही, आणि आम्ही तो अक्काच्या पाटल्या मोडून आणि माझ्या निवृत्तिवेतनातून पेलला. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या विनामूल्य केंद्रांची चौकशी १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करावी. आम्ही हे उशिरा केले. सर्वांत मोठी अडचण पुढच्या तपासण्यांची आहे. त्या सकाळी दहा ते एक या वेळेतच होतात, म्हणजे तासगाव, आटपाडी, जत येथून येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. उपचार अर्धवट सुटण्याचे हेच सर्वांत साधे कारण मी त्या प्रतीक्षाकक्षात पाहिले, आणि ज्याचे संरक्षण उपचार पूर्ण करण्यावर अवलंबून आहे त्याच्यासाठी एक चुकलेली एसटी ही लहान गोष्ट नसते.

या निमित्ताने पोर्तुगालबद्दलही वाचले. तेथे २००१ पासून, साधारण दहा दिवसांच्या वैयक्तिक वापरापुरता पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. पदार्थ कायदेशीर झाले असे मात्र नाही. पोलिस तो जप्त करतात आणि व्यक्तीला तीन सदस्यांच्या एका आयोगासमोर पाठवतात. तो आयोग तिची स्थिती पाहून उपचाराकडे वळवतो किंवा दंडासारखी कारवाई करतो. आपल्या आणि त्यांच्या व्यवस्थेतील जो फरक मला जाणवला, तो कठोरपणाचा नाही. तेथे माणूस पकडला गेला की उपचाराचा प्रश्न व्यवस्थाच विचारते. आपल्याकडे कलम ६४-अ इतकी वर्षे कायद्यात आहे, पण तो प्रश्न आरोपीने स्वतः विचारावा लागतो. आमच्या वकिलांना ते कलम माहीत नसते तर? भाच्याबरोबर त्याच रात्री पकडलेल्या दुसऱ्या मुलाने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि त्याच आठवड्यात तो पुन्हा त्याच गोळ्यांवर गेला. त्याला ही वाट कोणी दाखवली नाही. सांगलीच्या तुरुंगाचे नाव निघाले की आम्हा सांगलीकरांना २४ जुलै १९४३ आठवतो, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तेथून निसटले तो दिवस, आणि ऊर भरून येतो. त्याच भिंतींसमोर एखाद्या आजारी मुलाची आई डबा घेऊन उभी राहते तेव्हा तिला अभिमान वाटावा असे काही नसते.

उपचार पूर्ण झाल्याचा अहवाल सादर झाल्यानंतर न्यायालयाने भाच्यावरचा खटला पुढे चालवला नाही. तो आता त्याच कोल्ड स्टोरेजमध्ये आहे, पण दिवसपाळीला. ही बदली मालकाने केंद्राच्या समुपदेशकांशी फोनवर बोलल्यावर केली. गोळ्या पूर्ण बंद आहेत. झोप अजून तुटक लागते.

उपचारांच्या गुणवत्तेसाठी मी या केंद्राला पाचपैकी साडेचार आणि न्यायालयीन कागदपत्रांच्या वेळेसाठी अडीच गुण देतो. तासगावात महिन्यातून एकदा, संध्याकाळी, तपासणीची सोय करावी असे पत्र मी आणि आणखी सहा कुटुंबांनी त्यांना दिले आहे. बसायला दोन खोल्या आणि औषधांना कुलूपबंद कपाट मिळाले तर येऊ, असे त्यांचे लेखी उत्तर आले आहे. खोल्यांसाठी अक्का सध्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालत आहे. कपाट मी विकत घेऊन ठेवले आहे.